पाया वाकलेला त्रिकोण

एका वर्तुळपाकळीची त्रिज्या ६ सेंटिमीटर आहे आणि तिच्या कंसाची लांबी १५ सेंटिमीटर. तिचं क्षेत्रफळ किती?

दहावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर पडला की बहुतेक विद्यार्थी कोनाच्या शोधात निघतात. कंसाच्या लांबीचं सूत्र आठवायचं, त्यात १५ आणि ६ भरायचे, पायची किंमत ३.१४ धरायची आणि भागाकार करायचा. केंद्रीय कोन १४३.३१ अंश येतो आणि पुढेही दशांशस्थळं सरत नाहीत. मग तो कोन क्षेत्रफळाच्या सूत्रात भरायचा, पुन्हा ३.१४ ने गुणायचं, ३६ ने गुणायचं, ३६० ने भागायचं. एखाद्याने सोयीसाठी कोन १४३ अंश धरला तर उत्तर ४४.९ येतं. एखाद्याने पहिल्या पायरीला ३.१४ आणि दुसऱ्या पायरीला २२/७ घेतले तर आणखी वेगळं येतं.

खरं उत्तर ४५ चौरस सेंटिमीटर आहे, बरोबर ४५. ते एका ओळीत मिळतं: १५ गुणिले ६, भागिले २.

पाठ्यपुस्तकात हे सूत्र असतं. वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ = कंसाची लांबी × त्रिज्या ÷ २. पण ते सहसा कोनाच्या सूत्राखाली, ‘यावरून’ असं म्हणून एका ओळीत येतं, आणि विद्यार्थी त्याला उपसूत्र समजून पुढे जातात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाबद्दल जे काही आपल्याला माहीत आहे त्याचं मूळ या छोट्या सूत्रात आहे. कोन आणि पाय त्यानंतर येतात.

आधी बीजगणिताचा हिशेब उरकून टाकू. कंसाची लांबी म्हणजे (कोन ÷ ३६०) × २ × पाय × त्रिज्या. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे (कोन ÷ ३६०) × पाय × त्रिज्या × त्रिज्या. पहिल्या राशीला त्रिज्येने गुणून २ ने भागलं की दुसरी राशी तयार होते. सिद्धता संपली. मात्र एवढ्याने समाधान होत नाही. कोन गेला, पाय गेला हे दिसलं, पण ते का गेले हे कळलं नाही. शिवाय ज्या दोन सूत्रांवर आपण विसंबलो त्यांतलं दुसरं कुठून आलं, हा प्रश्न तसाच राहिला.

सूत्राकडे नुसतं पाहिलं तरी एक ओळखीचा चेहरा दिसतो. पाया गुणिले उंची भागिले दोन, हे त्रिकोणाचं क्षेत्रफळ. इथे पायाच्या जागी कंस आहे आणि उंचीच्या जागी त्रिज्या. म्हणजे पाकळी हा पाया वाकलेला त्रिकोण आहे, आणि पाया वाकल्यामुळे सूत्रात काडीचाही फरक पडत नाही. इतर आकृत्यांमध्ये कड वाकली की क्षेत्रफळ बदलतं. इथे ते का बदलत नाही?

बाराव्या शतकात बार्सिलोनात अब्राहम बार हिय्या नावाचा ज्यू गणिती होता. भूमापनावरच्या हिब्रू ग्रंथात त्याने वर्तुळाचा विचार एकात एक बसलेल्या गोल दोऱ्यांनी केला. बाहेरचा दोरा परिघाएवढा, त्याच्या आतला जरा लहान, असं करत करत शेवटी केंद्राचा बिंदू. केंद्रापासून परिघापर्यंत एक छेद द्यायचा आणि सगळे दोरे सरळ होऊ द्यायचे. सर्वांत लांब दोरा तळाला, त्यावर त्याहून आखूड, त्यावर आणखी आखूड, टोकाला केंद्र. समोर त्रिकोण उभा राहतो. पाया परिघाएवढा, उंची त्रिज्येएवढी.

पाकळीला तर छेद देण्याचीही गरज नाही, तिच्या दोऱ्यांची टोकं मोकळीच आहेत. केंद्रापासून निम्म्या अंतरावरच्या दोऱ्याची लांबी कंसाच्या निम्मी, एकतृतीयांश अंतरावरच्या दोऱ्याची एकतृतीयांश. लांबी अशी अंतराच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दोरे सरळ केल्यावर बाजूच्या कडाही सरळ रेषेतच येतात. दोरे ताणले जात नाहीत, आक्रसत नाहीत, एकमेकांपासूनचं अंतरही तेच राहतं. म्हणून क्षेत्रफळ बदलत नाही. या सगळ्यात कोन कुठेही मोजावा लागला नाही, पाय कुठेही आला नाही. पाय हा परीघ आणि व्यास यांच्यातला दुवा आहे. कंसाची लांबी हातात असेल तर त्या दुव्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं.

दुसरी वाट कात्रीची. ती शोधण्यासाठी कोकणात येऊ. रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ नांदगाव आहे. सोळाव्या शतकात तिथे गणेश दैवज्ञ राहत होते. त्यांचे वडील केशव दैवज्ञही मोठे ज्योतिर्विद होते. गणेश दैवज्ञांचं नाव आज घेतलं जातं ते मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या ग्रंथामुळे, कारण पिढ्यान्‌पिढ्या पंचांगं त्यावरून तयार झाली. पण १५४५च्या सुमारास त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली, आणि तिचं मोल गणिताच्या अभ्यासकाला अधिक वाटावं. ‘लीलावती’त नियम मिळतात, उदाहरणं मिळतात, पण नियमांमागची कारणं क्वचितच मिळतात. गणेश दैवज्ञ ती कारणं देतात.

‘लीलावती’तला नियम असा: परिघाला व्यासाने गुणून चौथा हिस्सा घ्यावा, म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळतं. भास्कराचार्यांनी ११५० साली ७ व्यासाच्या वर्तुळाचं उदाहरण घेतलं. परीघ २१ पूर्ण १२३९/१२५०, क्षेत्रफळ ३८ पूर्ण २४२३/५०००. दशांशात २१.९९१२ आणि ३८.४८४६. पायची किंमत त्यांनी ३.१४१६ घेतली होती, पण लक्षात घ्या, ती फक्त परीघ काढताना वापरली. क्षेत्रफळाच्या नियमात ती नाही. त्यांच्याआधी साडेसहाशे वर्षं, ४९९ साली, आर्यभटानेही परिघाचं अर्ध आणि व्यासाचं अर्ध यांचा गुणाकार सांगितला होता. दोन्ही नियम एकच आहेत, आणि दोन्ही आपलंच सूत्र आहेत. कारण पूर्ण वर्तुळ हीसुद्धा एक पाकळीच, जिचा कंस परिघाएवढा झाला आहे.

गणेश दैवज्ञ याचं कारण असं समजावतात. वर्तुळाचे दोन समान अर्धे भाग करा. प्रत्येक अर्ध्याचे केंद्राकडे सुईसारखं टोक असलेले पुष्कळ समान तुकडे करा. परिघाची कड न तोडता तुकडे उलगडून सरळ पसरा. आता एका अर्ध्याची टोकं दुसऱ्या अर्ध्याच्या फटींत बसवा. दोन करवतींचे दात एकमेकांत रुतावेत तशी ती बसतात. तयार होतो आयत. त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी, रुंदी त्रिज्येएवढी.

आजही शाळेत रंगीत कागद कापून हा प्रयोग करतात. तो करताना मुलं एक शंका विचारतात आणि ती विचारलीच पाहिजे: वरची कड थोडी लाटांसारखी दिसते, मग हा खरा आयत कसा? तुकडे वाढवले की लाटा सपाट होत जातात हे उत्तर पटतं, पण पूर्ण समाधान करत नाही. ‘होत जातात’ आणि ‘झाल्या’ यांत अंतर आहे.

ते अंतर आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच भरून काढलं होतं. त्याच्या ‘वर्तुळमापन’ या अगदी छोट्या निबंधात तीनच विधानं आहेत. पहिलं हेच: वर्तुळाचं क्षेत्रफळ अशा काटकोन त्रिकोणाएवढं असतं, ज्याची काटकोन करणारी एक बाजू त्रिज्येएवढी आणि दुसरी परिघाएवढी आहे. त्याची युक्ती आपण पाकळीवर वापरून पाहू.

कंसाचे समान भाग करा. लागोपाठचे भागबिंदू जीवांनी जोडा आणि प्रत्येक बिंदू केंद्राशी जोडा. पाकळीच्या आत त्रिकोणांची रांग तयार होते. प्रत्येकाचा पाया जीवा, म्हणजे त्या भागातल्या कंसापेक्षा आखूड. प्रत्येकाची उंची केंद्रापासून जीवेपर्यंत, म्हणजे त्रिज्येपेक्षा कमी. तेव्हा त्या सर्वांचं मिळून क्षेत्रफळ ‘कंस × त्रिज्या ÷ २’ यापेक्षा नक्कीच कमी. आता बाहेरून या. प्रत्येक भागाच्या मध्यावर कंसाला स्पर्शिका काढा. बाहेरचे त्रिकोण मिळतात. त्यांची उंची नेमकी त्रिज्येएवढी, कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. त्यांचे पाये मिळून कंसापेक्षा जास्त लांब. म्हणून त्यांचं क्षेत्रफळ ‘कंस × त्रिज्या ÷ २’ यापेक्षा नक्कीच जास्त.

पाकळी या दोन रांगांच्या मध्ये आहे. ‘कंस × त्रिज्या ÷ २’ ही संख्याही त्याच दोन रांगांच्या क्षेत्रफळांमध्ये आहे. भाग वाढवत नेले की दोन्ही रांगांमधला फरक हवा तेवढा लहान करता येतो. समजा, पाकळीचं क्षेत्रफळ त्या संख्येहून किंचित जरी जास्त असतं, तर आतल्या त्रिकोणांची रांग पाकळीच्या इतकी जवळ नेता आली असती की तीही त्या संख्येला ओलांडून गेली असती. ते तर अशक्य आहे हे वर दिसलं. किंचित कमी असतं, तर बाहेरच्या रांगेने तसाच विरोध दाखवला असता. जास्त नाही, कमी नाही, म्हणून समान. इथे ‘जवळजवळ’ हा शब्द कुठेच येत नाही. बाहेरची मोडकी रेषा आतल्या वक्र रेषेपेक्षा लांब असते, एवढं मात्र मानावं लागतं. आर्किमिडीजने आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात हे गृहीतक म्हणून उघडपणे मांडलं. ते ‘दिसतंच आहे’ म्हणून त्याने सोडून दिलं नाही, हा त्याचा काटेकोरपणा मला फार मोठा वाटतो.

सूत्र हाती आलं की बाकीच्या काही गोष्टी आपोआप सोप्या होतात. पत्र्याचं नरसाळं घ्या. त्याचा वरचा शंकू एका रेषेत कापून सपाट पसरला की पाकळी मिळते. पाकळीची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस उंची, आणि पाकळीचा कंस म्हणजे शंकूच्या तोंडाचा परीघ. तोंडाचा परीघ ४४ सेंटिमीटर आणि तिरकस उंची १५ सेंटिमीटर असेल तर पत्रा लागेल ४४ × १५ ÷ २, म्हणजे ३३० चौरस सेंटिमीटर, वर सांध्यापुरता थोडा. पुस्तकातलं शंकूच्या वक्रपृष्ठाचं सूत्र (पाय × त्रिज्या × तिरकस उंची) वेगळं पाठ करण्याची गरज नाही. परिघाच्या जागी २ × पाय × त्रिज्या लिहा, ते समोर येतं.

बादली म्हणजे टोक कापलेला शंकू. ती उलगडली की मोठ्या पाकळीतून लहान पाकळी काढून उरलेली कमानीसारखी पट्टी मिळते. दोऱ्यांचा विचार पुन्हा करा: यातले दोरे सरळ केले तर त्रिकोणाऐवजी समलंब चौकोन होतो, कारण सर्वांत आखूड दोरा आता बिंदू नसून आतला कंस आहे. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे दोन कंसांच्या बेरजेचं अर्ध, गुणिले पट्टीची रुंदी. बादलीच्या तोंडाचा घेर ८८ सेंटिमीटर, बुडाचा ६६ आणि तिरकस उंची २५ असेल, तर बाजूचा पत्रा ७७ × २५, म्हणजे १९२५ चौरस सेंटिमीटर. हातात शिंप्याची टेप असली की पुरे.

चीनच्या ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात कड्याच्या आकाराच्या शेताचं उदाहरण आहे. आतला घेर ९२ पावलं, बाहेरचा १२२ पावलं, पट्टीची रुंदी ५ पावलं. उत्तर ५३५ चौरस पावलं: दोन घेरांची सरासरी १०७, गुणिले ५. त्या ग्रंथात परीघ व्यासाच्या तिप्पट धरतात. आपल्या मापाने ते ओबडधोबडच, पण क्षेत्रफळ काढण्याच्या या रीतीला त्याची झळ लागत नाही. दोन्ही घेर दिलेले आहेत, त्यामुळे रीत अचूक आहे.

हेच गणित आज ४०० मीटरच्या धावपट्टीवर लागू होतं. प्रमाण धावपट्टीच्या वळणाची आतली त्रिज्या ३६.५ मीटर असते आणि एकेक मार्गिका १.२२ मीटर रुंद. आठ मार्गिकांची रुंदी झाली ९.७६ मीटर. एका अर्धवर्तुळाकार वळणाची आतली कड ११४.६७ मीटर भरते, बाहेरची १४५.३३ मीटर. सरासरी १३० मीटर. वळणावर अंथरायच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ १३० × ९.७६, म्हणजे जवळजवळ १२६९ चौरस मीटर. काम तपासायला आलेल्या माणसाला केंद्रबिंदू कुठे होता हे शोधत बसावं लागत नाही. दोन कडा आणि रुंदी मोजली की झालं.

थाळीफेकीचं क्षेत्र आखताना मैदानावर कोनमापक कुणी आणत नाही. नियमाप्रमाणे तो कोन ३४.९२ अंशांचा असतो. आखताना केंद्रापासून दोन्ही रेषांवर २० मीटर मोजायचे आणि त्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर १२ मीटर आहे याची खात्री करायची. ते १२ मीटर म्हणजे जीवा. त्याच बिंदूंमधून फक्कीने कंस काढला तर तो सुमारे १२.१९ मीटर भरतो. पाकळीचं क्षेत्रफळ काढायला कंस हवा, जीवा नव्हे. १२.१९ × २० ÷ २, म्हणजे जवळपास १२२ चौरस मीटर. परीक्षेतल्या चुका बहुधा इथेच होतात: आकृतीत जीवा दिलेली असते आणि ती कंस समजून सूत्रात जाते.

जीवा आणि कंस यांच्यामधला तुकडा, म्हणजे वर्तुळखंड, त्यालाही हेच सूत्र पुरतं. कंसाच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाच्या त्रिज्येवर लंब टाका. जीवा आणि दोन त्रिज्या यांच्यामधल्या त्रिकोणाचा पाया त्रिज्या मानला तर त्याची उंची हा लंब. पाकळीतून त्रिकोण वजा केला की उरतं: त्रिज्या × (कंस − लंब) ÷ २.

आता एक कोडं, माझ्या आवडीचं. २० सेंटिमीटर तार आहे. तिची पाकळी करायची, दोन त्रिज्या आणि एक कंस मिळून २०. जास्तीत जास्त क्षेत्रफळ केव्हा? क्षेत्रफळ कंस आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरतं, म्हणजेच कंस आणि दोन त्रिज्यांची बेरीज यांच्या गुणाकारावर. त्या दोघांची बेरीज २० ठरलेली आहे. बेरीज ठरलेल्या दोन संख्यांचा गुणाकार त्या समान असताना सर्वांत मोठा असतो. म्हणून कंस १०, त्रिज्या ५, क्षेत्रफळ २५. आणि २० सेंटिमीटर तारेचा चौरस केला तर? बाजू ५, क्षेत्रफळ तेच २५. तारेची लांबी कितीही घ्या, सर्वोत्तम पाकळी आणि चौरस बरोबरीत सुटतात. अशा पाकळीचा कोन दर वेळी सुमारे ११४.६ अंश असतो, पण कोडं सोडवताना तोही लागला नाही.

या सूत्राने सर्वांत मोठी मजल मारली ती आकाशात. योहान्नेस केप्लर टायको ब्राहेची निरीक्षणं घेऊन मंगळाच्या कक्षेशी झुंजत होता. ग्रह सूर्यापासून दूर असताना मंद चालतो, जवळ असताना वेगाने, हे दिसत होतं. कक्षेचे लहान तुकडे करून प्रत्येक ठिकाणचं सूर्यापासूनचं अंतर बेरजेत धरायचं, असा त्याचा प्रयत्न होता. पण अंतरं अगणित आणि बेरीज न संपणारी. तेव्हा आर्किमिडीजने वर्तुळाचे केंद्राशी टोक असलेले असंख्य त्रिकोण केले होते हे आठवल्याचं तो स्वतःच लिहितो. अंतरांची बेरीज सोडून त्याने क्षेत्रफळ धरलं. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नवे खगोलशास्त्र’ या ग्रंथात तो नियम आला: सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते.

ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ असते, त्यामुळे आपलं सूत्र तिथे सगळीकडे जसंच्या तसं चालत नाही. ग्रहाची चाल सहसा त्रिज्येला तिरकी असते. पण दोन ठिकाणी ती अगदी काटकोनात असते, सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत दूर. तिथे एका सेकंदात व्यापलेला चिंचोळा भाग म्हणजे पाकळीच: कंस म्हणजे सेकंदातलं अंतर, त्रिज्या म्हणजे सूर्यापासूनचं अंतर.

पृथ्वीचे आकडे भरून पाहू. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.२९ किलोमीटर वेगाने जाते. गुणून निम्मे करा: जवळजवळ २२३ कोटी चौरस किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंतर १५.२१ कोटी किलोमीटर, वेग २९.२९. गुणून निम्मे करा: पुन्हा जवळजवळ २२३ कोटी. लांब त्रिज्येला आखूड कंस, आखूड त्रिज्येला लांब कंस, गुणाकार तोच.

न्यूटनने १६८७ साली याचं कारण दाखवलं, तेही त्रिकोणांनीच. ओढ नेहमी एकाच बिंदूकडे असेल तर प्रत्येक क्षणाचा त्रिकोण मागच्या क्षणाच्या त्रिकोणाएवढाच भरतो, मग ती ओढ कितीही जोराची असो.

याचा एक परिणाम आपल्या कॅलेंडरात दर वर्षी छापलेला असतो. मार्चमधल्या संपाताच्या दिवसापासून सप्टेंबरमधल्या संपातापर्यंतचे दिवस मोजा, सुमारे १८६ भरतात. तिथून पुन्हा मार्चपर्यंत मोजा, सुमारे १७९. पृथ्वी दोन्ही वेळा सूर्याभोवती अर्धी फेरीच घेते, पण संक्रांतीकडची अर्धी फेरी सूर्याजवळून जाते, तिची पाकळी लहान असते, आणि ती आठवडाभर आधी पुरी होते.